मोतीराम मागे बसल्यावर

“मोतीराम मागं बसला की गाडी मरते,” हरेश्वर चोगले म्हणाला. “नि उतरला की चालू होते.”

मी बॅटरीचा नट सैल करत होते. मान वर न करता म्हटलं, “मग मोतीरामला बदला.”

त्याच्या शेजारी उभा असलेला मोतीराम पावसे स्वतःच हसला. शंभर किलोच्या आसपासचा, पोटावर लाइफगार्डचा पिवळा शर्ट ताणून बसलेला माणूस. हरेश्वर हसला नाही.

“मस्करी नाय करत, बाई.”

“मीपण नाही करत.”

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. माझ्या गॅरेजचे पत्रे सकाळी दहालाच तापले होते. समोर ती गाडी उभी होती. जाड टायरांची, स्कूटरसारखं हँडल असलेली, वाळूत पळणारी चार चाकांची गाडी. कागदोपत्री एटीव्ही. कासारवेळच्या नगरपंचायतीने आदल्या दिवाळीत लाइफगार्डसाठी ती घेतली, तेव्हा सरपंचकीपासूनचे जुने पुढारी तिच्यावर बसून फोटो काढून गेले होते. पण गाडीचं काम खरं होतं. आमचा किनारा तीन किलोमीटरचा. लाइफगार्डचा मनोरा दक्षिण टोकाला आणि बुडण्याची जागा उत्तरेला, खाडी समुद्राला मिळते तिथे. वाळूतून धावत तिथे पोचायला वीस मिनिटं लागायची. गाडीने चार.

नगरपंचायतीच्या सगळ्या गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम माझ्याकडे होतं. पाण्याचा टँकर, घंटागाडी, आणि आता ही. चिपळूणच्या आयटीआयमध्ये बावीस मुलांत मी एकटी मुलगी होते. त्यानंतर सात वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये वायरी सोलल्या, मग स्वतःची पाटी लावली. निर्मला भुवड, ऑटो इलेक्ट्रिशियन.

ही गाडी फेब्रुवारीत पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा ती पूर्ण मेलेली असायची, अधूनमधून, दिव्यांसकट. बॅटरीच्या टर्मिनलवर खाऱ्या हवेने हिरवा थर धरला होता, फ्यूजचं घर गंजलं होतं. चाळीस मिनिटांचं काम. पण ती चाळीस मिनिटं हरेश्वर माझ्या डोक्यावर उभा होता. समोरच्या चहाच्या टपरीवर चार माणसं होती. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो मोतीरामला म्हणाला, “नगरपंचायतीला कोण बाप्या मिळाला नाय काय रे? हिला गॅसचा लायटर द्यायचा दुरुस्तीला. गाडी कशाला?”

टपरी हसली. गाडी दुरुस्त केली, लॉगबुकात ठळक अक्षरात लिहिलं आणि त्याच्या हातात किल्ली दिली. त्यानंतर टर्मिनलचा त्रास पुन्हा झाला नाही.

मार्चमध्ये तो परत आला. म्हणे, गाडी मधेच बंद पडते. मी दोन तास तपासली, काही सापडलं नाही. आता एप्रिलमध्ये हे मोतीरामचं नवीन.

“दिवे जातात का?” मी विचारलं.

“नाय. दिवे असतात. मीटरवरचा तो हिरवा दिवा पण असतो. इंजिनच मरतं फक्त. खाडीकडं तो वाळूचा चढ हाय ना, तिथं.”

“दिवे आहेत म्हणजे बॅटरी नीट आहे. तुम्ही लाटेतून गाडी घालता. पेट्रोलमध्ये पाणी गेलं असणार.”

“मी लाटेत घालत नाय.”

“मग मडगार्डखाली हा मिठाचा थर आभाळातून पडला का?”

त्याचा चेहरा लाल झाला. मी प्लग काढून साफ केला, ठिणगी बघितली. चांगली निळी पडत होती. कार्बोरेटर खाली केला. पाणी नव्हतं, पण ते मी त्याला सांगितलं नाही. मग गाडी काढून बंदरापर्यंत जाऊन आले. एकदाही अडखळली नाही.

“एकटी गेलीस,” तो म्हणाला. “मोत्याला मागं घे नि जा. मग बघ.”

टपरीवर आजही तेच चौघे होते. त्यांतला एक खाकरला. दुसऱ्याने काहीतरी म्हटलं आणि चौघे हसले. मोतीराम बिचारा खाली बघायला लागला.

“मी काय जत्रेतला पाळणा आहे का?” मी हरेश्वरला म्हटलं. “गावातून पुरुषांना मागे बसवून फेऱ्या मारायला?”

“अगो, तसं नाय—”

“अगो नाही. भुवडबाई म्हणायचं.”

मी लॉगबुक ओढलं आणि लिहिलं. ‘वाहन तपासले. दोष आढळला नाही.’ तेवढ्यावर थांबता आलं असतं. मी खाली आणखी एक ओळ लिहिली. ‘चालकाने वाहन खाऱ्या पाण्यात घालू नये.’ सही केली, शिक्का मारला. ती ओळ वाचताना हरेश्वरचे ओठ हलत होते. वाचून झाल्यावर त्याने लॉगबुक मिटलं आणि मोतीरामला गाडी ढकलायला लावली. चालू असलेली गाडी त्यांनी माझ्या दारातून ढकलत नेली.

मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी चारच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी एक माणूस बुडाला. दिलीप आरवाडे, सांगलीकडच्या एका शाळेतले शिक्षक, वय एकेचाळीस. बायको काठावर चपला सांभाळत बसली होती. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण ओहोटी लागली की तिथे पायाखालची वाळू निघून जाते.

काठावरून कोणीतरी मनोऱ्यावर फोन केला, तसे हरेश्वर आणि मोतीराम गाडीवरून निघाले. वाळूच्या चढावर गाडी बंद पडली. मोतीरामला उतरवून ती परत चालू करायचं त्या घाईत दोघांनाही सुचलं नाही, ते उड्या टाकून धावले. उरलेलं अंतर सातशे-आठशे मीटर. हरेश्वर पाण्यात शिरला तेव्हा माणूस दिसत नव्हता. अर्ध्या तासाने त्यानेच तो बाहेर आणला, खांद्यावर घालून.

त्यानंतर पोलीस आले. एका हवालदाराने चढावर सोडलेल्या गाडीचं बटण दाबलं आणि ती पहिल्या झटक्याला चालू झाली.

बस, गावाला तेवढं पुरलं. गाडी धडधाकट होती म्हणजे लाइफगार्ड रमतगमत चालत गेले. कोणी म्हणालं, प्यायलेले होते. कोणी म्हणालं, मनोऱ्यावर झोपले होते. नगरपंचायतीने हरेश्वरला घरी बसवलं. लॉगबुक पोलिसांनी नेलं, आणि त्यात माझ्या अक्षरातल्या त्या दोन ओळी होत्या.

तिसऱ्या दिवशी हरेश्वर माझ्या गॅरेजमध्ये आला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. मागे कोळीवाड्यातली पाच-सहा माणसं.

“दोष नाय म्हणून लिवलंस,” तो म्हणाला. “तुझ्या त्या एका ओळीवर माझ्यावर केस होते.”

“पोलिसांसमोर पहिल्या बटणाला चालू झाली गाडी. ती मी चालू केली का?”

“मोत्या खाली होता तेव्हा! किती वेळा सांगू? मोत्या खाली होता!”

“ओरडू नका. माझ्या दारात ओरडायचं नाही.”

“तुझं दार!” त्याने टेबलावरचा माझा मल्टिमीटर उचलला आणि उंबऱ्यावर आपटला. काच फुटली, काटा निघून बाहेर पडला. पहिल्या कमाईतून घेतलेला मीटर होता तो. “काय बघतीस तू ह्याच्यात? काय दिसतं तुला?”

मी त्याला त्याच्या आईवरून शिवी दिली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि इतक्या माणसांसमोर. मग शटर ओढलं आणि थेट पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार दिली. नुकसान केलं, धमकी दिली, जिवाला धोका आहे. शेवटचं खरं नव्हतं. लिहिताना मला ते खरं वाटलं.

दोन दिवसांनी नगरपंचायतीचा लिपिक आला. राजवाडकर. गोल, घामट, सतत रुमालाने मान पुसणारा.

“मॅडम, सव्वीस तारखेला प्रांतसाहेब चौकशीला येतायत. तुमचा अहवाल पाहिजे. गाडी सुस्थितीत असल्याचा.”

“तपासल्याशिवाय कसा देऊ?”

“तपासा की. आमचे साहेब म्हणाले, व्यवस्थित तपासा. पण तुम्ही आधी तीनदा तपासलीच आहे ना? आता वेगळं काही निघालं तर तुम्हालाच विचारतील, तेव्हा काय केलंत म्हणून.” तो हसला. “तुमच्या काळजीनं सांगतो.”

गाडी नगरपंचायतीच्या आवारातल्या शेडमध्ये ठेवली होती. मी दोन दिवस तिच्यावर घालवले. बॅटरीचा दाब मोजला, किल्लीचा स्विच उघडला, रिले बदलून पाहिला, अर्थिंगची प्रत्येक जोडणी घासून परत आवळली. इंजिन तापू दिलं, तापलेल्या कॉइलवर पाणी शिंपडलं, वायरींचे जोड हाताने हलवून पाहिले. किनाऱ्यावर नेली, चढावरून दहा वेळा वर-खाली केली. गाडी घड्याळासारखी चालली.

मला आनंद होत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक फेरीनंतर हरेश्वर आणखी थोडा खोटा ठरत होता, आणि मला ते आवडत होतं.

पंचवीस तारखेला दुपारी तीनला राजवाडकर मोबाइल घेऊन किनाऱ्यावर आला. गाडी व्यवस्थित चालते याचा व्हिडिओ साहेबांना हवा होता.

“चालताना मीटर दिसला पाहिजे,” तो म्हणाला. “मी मागं बसून काढतो.”

तो मागच्या रॅकवर चढला. गाडी खाली बसली. त्या क्षणीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. सपाटीवर नीट चाललो. राजवाडकर माझ्या खांद्यावरून मोबाइल धरून बोलत होता, “दिनांक पंचवीस, वेळ तीन वाजून दहा मिनिटं, वाहन सुरळीत चालत आहे...”

चढाच्या मध्यावर इंजिन मेलं.

धक्का नाही, फटाका नाही, आचका नाही. कोणीतरी बटण दाबून बंद करावं तसं. हिरवा दिवा जळत होता.

“काय झालं?” राजवाडकर खाली उतरला. मी बटण दाबलं. इंजिन चालू झालं.

मी त्याला परत बसायला सांगितलं. तो बसला. चार हात पुढे गेलो, परत बंद. तो उतरला, परत चालू.

वाऱ्याने वाळू पायांवर येत होती. राजवाडकरने मान पुसली. मग मोबाइलवर अंगठा फिरवला. “हे मी डिलीट करतो. आपण परत काढू. मी खाली उभा राहतो, तुम्ही एकट्या चालवा.”

आम्ही परत काढला. चार मिनिटांचा, सुरेख.

शेडमध्ये आल्यावर मी त्याला बाहेर थांबायला सांगून सीट काढली, मग मागचा रॅक वरून दाबून मडगार्डखाली टॉर्च मारला. पाच मिनिटांत दिसलं. जानेवारीत रुग्णाला झोपवून न्यायचा लोखंडी रॅक मागे बसवला होता, कोणा वेल्डिंगवाल्याकडून. त्याचे दोन बोल्ट इंचभर जास्त लांब होते, कोणी ते कापले नव्हते. बोल्टच्या टोकाखालून वायरींचा जुडगा जात होता. त्यातल्या काळ्या-पांढऱ्या वायरीचं कव्हर घासून गेलं होतं आणि आत तिळाएवढं तांबं चमकत होतं.

ती वायर हँडलवरच्या लाल बटणाकडून येते. लाल बटण दाबलं की ती गाडीच्या लोखंडाला जोडली जाते, ठिणगी थांबते आणि इंजिन बंद होतं. तिचं कामच ते. मागे वजनदार माणूस बसला आणि चढावर त्याचा भार आणखी मागे गेला, की रॅक वाकायचा आणि बोल्ट त्या उघड्या तांब्याला टेकायचा. गाडीला वाटायचं, बटण दाबलं. माणूस उतरला की बोल्ट वर, गाडी चालू. फ्यूज उडत नाही, दिवा विझत नाही, मागे काही खूण राहत नाही. माझं वजन तेव्हा अठ्ठेचाळीस किलो होतं. मी एकटी जन्मभर त्या चढावर फिरले असते तरी काही झालं नसतं.

‘मोतीराम मागं बसला की मरते. उतरला की चालू होते.’ यापेक्षा नेमकं वर्णन कुठल्याही इंजिनिअरने केलं नसतं.

“झालं का मॅडम?” राजवाडकर बाहेरून म्हणाला. “साहेबांना सांगू ना, ओके म्हणून?”

माझ्या खिशात काळी टेप होती. मी तुकडा तोडला, वायरीला चार वेढे दिले आणि जुडगा दोन बोटं बाजूला सरकवून बांधला. दहा मिनिटं पण लागली नाहीत. सीट बसवली. राजवाडकरला मागे बसवून आवारात खड्ड्यांतून गाडी उडवत फिरवली. एकदाही बंद पडली नाही.

“बघा,” तो म्हणाला. “उगीच घाबरलो.”

मी घरी गेले. हात तीनदा धुतले तरी टेपचा चिकटपणा बोटांवरून जाईना. साडेपाचला पोलीस ठाण्यातून फोन आला. तुमच्या तक्रारीवरून चोगलेला आणलाय, जबाबावर सही करायला या.

हरेश्वर ठाण्यात भिंतीला टेकून फरशीवर बसला होता. पिवळा शर्ट नव्हता, बनियनवर होता. हवालदार कागद काढत होता. हरेश्वरने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं शिवी देईल.

“गाडी बघितलीस?” त्याने विचारलं.

“बघितली.”

“कोण होता मागं?”

मी हवालदाराकडे बघितलं. तो शिक्का शोधत होता.

“मी विचारतोय, मागं कोण बसला होता?”

“उद्या चौकशीत काय ते सांगेन,” मी म्हटलं.

तो हसला. इतकं वाईट हसणं मी कधी ऐकलं नाही. “म्हणजे सापडलंय तुला,” तो म्हणाला. “सापडलंय नि तू सही करणार.” आणि तो माझ्या पायाजवळ थुंकला. हवालदाराने त्याच्या डोक्यावर टपली मारली. मी जबाबावर सही केली आणि बाहेर आले.

सकाळी सातला मी शेडमध्ये गेले. पहारेकरी ओळखीचा होता, त्याने किल्ली दिली. मी सीट काढली, बांधलेला जुडगा सोडला, टेप नखाने उकलून वायर होती तशी बोल्टखाली ठेवली. सीट परत बसवली. टेपचा गोळा मुठीत धरून पायरीवर बसून राहिले, दहा वाजेपर्यंत.

चौकशी आवारातच झाली, मांडवाखाली. प्रांतसाहेब तरुण होते, घाईत होते. त्यांना दुपारी दुसरी बैठक होती. एका बाजूला हरेश्वर आणि मोतीराम. दुसऱ्या बाजूला आरवाडेबाई, दिरासोबत. फिकट साडी, हातात पाण्याची बाटली, जी त्यांनी एकदाही उघडली नाही.

राजवाडकरने व्हिडिओ दाखवला. प्रांतसाहेबांनी मान हलवली. “मॅडम, तुमचा अहवाल?”

“लिहिलेला नाही, साहेब. दाखवते.”

राजवाडकरने माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. मी गाडी काढली. आवाराच्या मागच्या बाजूला कचऱ्याची गाडी चढवायचा सिमेंटचा उतार होता. मी एकटी वर गेले, खाली आले. मग हाक मारली, “मोतीरामदादा, मागे बसा.”

मोतीराम हरेश्वरकडे बघू लागला. हरेश्वर माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर अजून आदल्या संध्याकाळचंच सगळं होतं. मोतीराम आला, बसला. उताराच्या मध्यावर इंजिन मेलं.

“उतरा.” तो उतरला. मी बटण दाबलं, चालू.

“बसा.” मेलं.

मी हे तीनदा केलं. तिसऱ्यांदा मांडवात कोणी हलत नव्हतं. मग मी सीट काढली, प्रांतसाहेबांना जवळ बोलावलं आणि ते तिळाएवढं तांबं दाखवलं. बोल्ट कुणी बसवला, कुणी तपासला नाही, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. राजवाडकर रुमाल शोधत होता.

आरवाडेबाई उठून गाडीजवळ आल्या. त्यांनी ती वायर बघितली. फार वेळ नाही.

“हे आधी कुणी सांगितलं नव्हतं का?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. दुकानात भाव विचारावा तसा.

“सांगितलं होतं,” मी म्हटलं.

“कुणी?”

“यांनी.” मी हरेश्वरकडे बोट केलं. “एप्रिलमध्ये. अगदी हेच, याच शब्दांत.”

“कुणाला?”

“मला.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली नाही, कारण घातली असती तर त्या आणखी काही विचारतील असं वाटलं. दिराने त्यांच्या कोपराला धरून खुर्चीकडे नेलं. टेपची गोष्ट मी तिथे सांगितली नाही. आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

चौकशीचा निकाल महिन्याभरात आला. हरेश्वर निर्दोष, कामावर परत. माझं नगरपंचायतीचं काम गेलं, आणि गेलं ते बरोबरच होतं. माझी तक्रार मी चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी मागे घेतली होती. दिवाळीनंतर मी कासारवेळ सोडून चिपळूणला आले. इथे माझं गॅरेज आहे, आता अकरा वर्षं होतील.

पण निघण्याच्या आदल्या दिवशी मी कोळीवाड्यात गेले होते. हरेश्वरचं घर शेवटचं, जेट्टीला लागून. त्याच्या बायकोने मला ओळखलं, दारातच उभं केलं आणि आत जाऊन सांगितलं. तो बाहेर आला. बस म्हणाला नाही.

“चाललीस ऐकलं.”

“हो. म्हटलं, भेटून जावं.”

“कशाला?”

माफी मागायची, असं मी घरून ठरवून निघाले होते. ती मागितली. मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर मागून झाली. तो जेट्टीकडे बघत होता.

“एक इचारू?” तो म्हणाला. “फेब्रुवारीत मी बोललो होतो. गॅसच्या लायटरचं. त्याचा राग होता तुला?”

खोटं बोलता आलं असतं. त्याने मला वाटच करून दिली होती.

“होता.”

“एप्रिलमध्ये पण?”

“एप्रिलमध्ये पण.”

“मी तसा बोललो नसतो, तर मोत्याला मागं घेऊन बघितली असतीस गाडी?”

“बहुतेक.”

“बहुतेक नको. सांग.”

“हो,” मी म्हटलं. “बघितली असती.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. हरेश्वरने दाराच्या चौकटीवर हात ठेवला. त्याचा आवाज एकदम खाली आला, पण मऊ झाला नाही.

“प्रांतानं मला सोडला,” तो म्हणाला. “गावानं सोडला. ती बाई, तिचा नवरा गेला, तिनं पण जाताना मला हात जोडले. आता तू हितवर आलीस नि मला परत त्याच्या मरणात घातलास.”

“तुम्ही विचारलंत म्हणून—”

“हां, मीच इचारलं.” त्याने दार ओढायला घेतलं. “जा आता. नि परत येऊ नको.”